जर्मनीतलं खातं अन् आईचं पासबुक

ती. आई-बाबा,

नमस्कार. दादाच्या मोबाईलवर पाठवून राहिली, त्यानं आईला मोठ्यानं वाचून दाखवावं, मधलं काही गाळू नये, खास करून शेवटी शेवटी जे लिहिलं ते.

बाबा, परवा फोनवर तुम्ही फिरूनफिरून एकच विचारत होते की कोणती बँक घेतली, ब्रँच आहे का तिची, अन् बुडणार तं नाही ना. माझा ब्रेक संपत आला होता, सिस्टर आवाज देऊन राहिली होती, म्हणून मी नुसतं हाव हाव करून फोन ठेवला. आज सुट्टी आहे, बाहेर चार वाजताच अंधार पडतो, कुठे जाणं नाही, म्हणून सगळं बैजवार लिहिते.

इथे पगार रोख कोणी देत नाही अन् चेक पण नाही. पहिल्याच दिवशी हॉस्पिटलच्या ऑफिसनं आयबान नंबर मागितला, आयबान म्हणजे युरोपातला खाते नंबर, जर्मनीचा बावीस अक्षरांचा असतो अन् डीई पासून सुरू होतो. आता खातं काढायचं तं बँक पहिले पत्त्याचा कागद मागते. तो कागद नगरपालिकेच्या ऑफिसात मिळतो, राहायला आल्यावर दोन आठवड्यांच्या आत जाऊन नाव नोंदवावं लागते, अन् त्यासाठी घरमालकाची सही लागते. अन् घरमालक म्हणते पहिले डिपॉझिट खात्यातून पाठव. असा सगळा गोल गोल फिरायचा प्रकार. मला हॉस्पिटलनंच खोली दिली होती म्हणून सुटली, नाही तं सोबतच्या केरळच्या पोरी अजून चकरा मारून राहिल्या आहेत.

आणखी एक, इथे लेटरबॉक्सवर नाव नसलं तं पोस्टमन पत्र परत घेऊन जाते. बँकेचं कार्ड एका पाकिटात येते, त्याचा पिन दुसऱ्या पाकिटात वेगळ्या दिवशी येते, म्हणून पहिले जाऊन लेटरबॉक्सवर नाव चिकटवलं. पासपोर्टवर माझ्या नावाला लागूनच बाबांचं नाव आहे, तं तेही लिहिलं. आता बँकेची सगळी पत्रं बाबांच्या नावासकट येतात. खालच्या मजल्यावरची म्हातारी मला बाबांच्याच नावानं हाक मारते अन् मी ओ पण देते!

आता बँक कोणती घ्यायची. सोबतच्या सगळ्यांनी सांगतलं की फक्त मोबाईलवर चालणारी घे, फुकट असते, दहा मिनिटात खातं उघडते, महिन्याचा चार्ज नाही. तशा एकीत मी करून पाहिलं. त्यांचा माणूस व्हिडिओवर येऊन पासपोर्ट हलवून दाखव, तिरपा कर, लाईटखाली धर असं करत बसला अन् शेवटी म्हणाला हा पासपोर्ट व्हिडिओवर चालत नाही. माझ्या वॉर्डातल्या एका पोराचं तशाच दुसऱ्या बँकेतलं खातं एक दिवस बंद पडलं, काहून पडलं सांगायला माणूसच नाही, नुसतं चॅट. भाड्याची तारीख आली तं त्यानं सगळ्यांकडून उसने घेतले. तवाच मी ठरवलं की जिथे जाऊन समोरच्याला विचारता येते अशीच बँक घ्यायची, मग महिन्याचे काही युरो गेले तं गेले. पोरं हसतात मला, म्हणतात म्हाताऱ्यासारखी बँक घेतली. हसू द्या.

समोर बसता येईल अशा बँका इथे मोटामोटी तीन तऱ्हेच्या. एक मोठ्या खाजगी, डॉइचे बँक, कॉमर्झबँक वगैरे. दुसऱ्या श्पारकासे, म्हणजे गावाच्या नाहीतर जिल्ह्याच्या बँका, नगरपालिका अन् जिल्हा त्यांच्या मागे असते, हॅम्बुर्गला १७७८ मध्ये निघालेल्या बचत बँकेपासून ही पद्धत सुरू झाली. अन् तिसऱ्या सहकारी, फोल्क्सबँक-रायफायझनबँक. मी ही तिसरी घेतली अन् बाबा, हे तुम्हाला आवडणार आहे म्हणून जरा लांबवून सांगते.

रायफायझन हा माणूस होता, फ्रीडरिश विल्हेल्म रायफायझन, १८१८ चा जन्म. डोंगराळ भागातल्या गरीब गावांचा प्रमुख होता. १८४६-४७ मध्ये पीक बुडालं, लोक उपाशी मरायला आले, तं यानं गावातल्या सुखवस्तू लोकांकडून पैसा गोळा करून धान्य आणलं, गावाची भट्टी बांधली अन् ज्यांच्याजवळ पैसा नाही त्यांना उधारीवर पीठ-पाव दिला. मग त्याच्या ध्यानात आलं की कास्तकार खरा मरते तो सावकाराच्या हातानं, म्हणून १८६४ मध्ये कर्ज देणारी गावातल्याच सभासदांची संस्था काढली, एकमेकांना ओळखणारे लोक, एकमेकांची जबाबदारी. आठवलं का काही? आपली सेवा सोसायटी! निकोलसन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं मद्रास सरकारसाठी युरोपातल्या या बँकांचा अभ्यास करून अहवाल दिला, त्यात म्हटलं की तुम्हाला रायफायझन शोधावा लागेल, अन् मग १९०४ मध्ये आपल्याकडे सहकारी पतसंस्थांचा कायदा आला. म्हणजे तुम्ही ज्या सोसायटीच्या आमसभेत चहा-चिवड्यावरून भांडता तिचं मूळ इकडचं आहे. मी पण ५० युरोचा शेअर घेतला, सभासद झाली, आमसभेचं पत्र आलं की जाणार आहे. इथे पण शेअर कितीही असो, एका सभासदाला एकच मत. चिवडा मिळते की नाही ते कळवीन.

आता बुडण्याचं. तुमची भीती कुठून आली ते मला माहीत आहे, तालुक्याच्या पतसंस्थेत आपल्या शेजारच्या काकांचे पोरीच्या लग्नाचे पैसे अडकले ते आठ वर्षं कोणी विसरलं नाही. पण बाबा, पतसंस्था वेगळी अन् बँक वेगळी. आपल्याकडे बँकेतल्या ठेवीवर माणशी ५ लाखापर्यंत विमा आहे, बँकेला तो विमा काढावाच लागते, जिल्हा सहकारी बँकेला पण लागू आहे, पतसंस्थेला नाही. इथे तो विमा माणशी, बँकेमागे १ लाख युरोचा आहे, म्हणजे आपल्या एक कोटीच्या घरात, अन् बँक बुडाली तं सात कामाच्या दिवसात पैसे द्यावे लागतात, आपल्याकडे नव्वद दिवस. वरून या सहकारी बँकांची आपसात सोय आहे, एखादी अडचणीत आली की बाकीच्या सावरतात. अन् माझ्या खात्यात १ लाख युरो कधी येणार, तं तुम्ही निवांत झोपा.

खातं उघडायला अपॉइंटमेंट घ्यावी लागली, आठवड्यानंतरची मिळाली. समोर एक बाई, चष्मा नाकावर, एक एक कागद प्रिंट काढून मला वाचायला देत होती, मी अर्धं समजून अर्धं न समजून सह्या करत होती, तं तिनं पेन माझ्या हातातून काढून घेतला अन् म्हणाली पहिले वाच, मी थांबते. आई, मला एकदम तुझीच आठवण आली, तू भाजीवालीच्या तराजूत अशीच वाकून पाहत राहते. दोन गोष्टी त्या बाईनं न विचारता सांगतल्या. एक, खात्यात शिल्लक नसताना पण पैसे काढता येतात, त्याला दहा टक्क्यांच्या वर व्याज लागते, ते नको असेल तं बंद करून घे. मी लगेच बंद करून घेतलं. दुसरी, इथे लाईटबिल, मोबाईल, जिम सगळे तुमच्या खात्यातून परस्पर पैसे कापून घेतात, आपल्या ऑटो डेबिटसारखं. ऐकूनच मला धडकी भरली, पण असे कापलेले पैसे आठ आठवड्यांच्या आत कारण न सांगता परत घेता येतात, अन् परवानगीच दिली नसेल तं तेरा महिन्यांपर्यंत. टीव्ही-रेडिओचे पण घरामागे महिन्याला १८.३६ युरो द्यावे लागतात, टीव्ही असो नसो. त्यावर माझं अजून भांडण आहे, पण ते कोणाशी भांडू.

कार्डाचं पण पाहिलं मी. इथल्या बेकरीत, छोट्या दुकानात बऱ्याच ठिकाणी इथलंच गिरोकार्ड, म्हणजे जर्मन बँकांचं डेबिट कार्ड, चालते, नाहीतर रोख. फुकटवाल्या मोबाईल बँकांच्या कार्डाला तिथे नाही म्हणतात. अन् परक्या मशीनमधून पैसे काढले तं चार-पाच युरो जातात, म्हणजे सकाळचा नाश्ता गेला. माझ्या बँकेचं मशीन हॉस्पिटलच्या वाटेवरच आहे.

आता महत्त्वाचं, पैसे पाठवायचं. दादा ऐक अन् आईला पण ऐकू दे.

बँकेतून सरळ पाठवले तं इकडची बँक चार्ज घेते, मधातली बँक घेते, अन् रेटमध्ये कापते ते वेगळंच, ते तं दिसत पण नाही. म्हणून मी पाठवायला वाईज नावाचं परदेशी पैसे पाठवायचं अ‍ॅप घेतलं, चार्ज किती अन् तिकडे किती रुपये पडणार ते आधीच दाखवते. कोणी म्हणालं आमचा चार्ज शून्य आहे तं मी एवढंच पाहते की शंभर युरोचे हातात रुपये किती येऊन राहिले. पोरीनं आई-बापाला पाठवलेल्या पैशावर टॅक्स नाही, कोणी काही सांगतलं तं ऐकू नका. त्याची एफडी केली तं व्याजावर मात्र लागते.

अन् बाबा, हे पैसे मी आईच्या खात्यात टाकणार आहे. रागावू नका, पूर्ण वाचा. तुमच्या खात्याला पीककर्ज जोडलेलं आहे. मागच्या हंगामात तुरीचा चुकारा आला अन् खात्याला होल्ड लागला, तुम्ही दवाखान्याच्या पैशासाठी तालुक्याला चकरा मारत बसले ते मी विसरली नाही. कर्ज भरू नका असं मी म्हणत नाही, कर्ज भरायचंच आहे, पण ते आपण आपल्या हिशोबानं भरू. आईच्या गोळ्या, दादाच्या लेकराची फी अन् डवरणीची मजुरी यांच्यासाठीचा पैसा मोकळा राहिला पाहिजे. आई, तू म्हणशील मला काय समजते त्यातलं. घरात किती तेल उरलं ते तुलाच समजते, हे पण समजेल.

त्यासाठी एक काम करजा. आईचं खातं विदर्भ कोकण ग्रामीण बँकेतलं आहे, ती १ मे २०२५ पासून महाराष्ट्र ग्रामीण बँकेत गेली. तेव्हा जुन्या पासबुकावरचा आयएफएससी कोड अजून चालते की नवीन आला ते ब्रँचमध्ये विचारून घेजा. दुसरं, आईचं खातं नुसत्या फोटो-अंगठ्यावर उघडलेलं छोटं खातं असेल तं त्यात वर्षाला एक लाखाच्या वर जमा होत नाही, अन् पूर्ण केवायसी झाल्याशिवाय परदेशातला पैसा तं येतच नाही. आधार, पॅन अन् दोन फोटो घेऊन जा, पॅन नसेल तं दादा काढून दे. आधारवर अन् पासबुकावर आईचं नाव अक्षरन् अक्षर एकसारखं पाहिजे, काहून की एका ठिकाणी बाबांचं नाव मधात आहे अन् एका ठिकाणी नाही असं मला आठवते. कापूस वेचणीच्या धावपळीत राहून जाईल म्हणून बाजाराच्या दिवशीच उरकून घेजा.

माझं जुनं तालुक्याचं खातं, ज्याचं एटीएम बाबांच्या पाकिटात आहे, त्यातून आता काढू नका. बाहेरदेशी नोकरीला आलं की साधं बचत खाते तसंच ठेवता येत नाही, ते एनआरओ, म्हणजे बाहेरदेशी राहणाऱ्याचं भारतातलं खातं, करावं लागते असा फेमाचा, म्हणजे परकीय चलनाच्या कायद्याचा, नियम आहे. मी पासपोर्ट-व्हिसाच्या झेरॉक्सवर सह्या करून पाठवते. एनआरओच्या व्याजावर तीस टक्के टीडीएस कापते, त्यामुळे त्यात एलआयसीपुरतंच ठेवू. पुढे इकडची बचत तिकडे ठेवावी वाटली तं एनआरई, म्हणजे बाहेरदेशची कमाई ठेवायचं खातं, काढीन, त्याच्या व्याजावर आपल्याकडे टॅक्स नाही अन् पैसा वाटेल तेव्हा परत आणता येते. पण आता त्याची घाई नाही, पहिले इथल्या स्वेटरचे पैसे फिटू द्या.

अन् पोरगी जर्मनीत आहे असं गावभर सांगत फिरू नका बाबा, सांगाल तं बँकेचं नाव सांगू नका. परदेशातून पैसे आले आहेत, केवायसी करा, हे अ‍ॅप टाका असे फोन येतात. ओटीपी कोणालाच नाही, माझ्या नावानं फोन आला तरी नाही, मी ओटीपी कधी मागणार नाही. काही झालंच तं १९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी नंबरवर, लगेच फोन करजा, दुसऱ्या दिवसावर टाकू नका.

दादा, ब्रँचमधून आले की पासबुकाच्या पहिल्या पानाचा फोटो पाठव, कोड नीट दिसला पाहिजे, मागच्या वेळी अंगठा आला होता मधात. पहिल्यांदा थोडेच टाकून पाहीन, आईच्या मोबाईलवर मेसेज आला की मगच बाकीचे. मेसेज येतात की नाही ते पण विचारजा, तिचा नंबर खात्याला जोडलेला नसेल तर त्याच दिवशी जोडून घे. तुझा नाही, तिचाच.

तुमची
बारकी