जर्नल्स विकत घेतलीत, आता ती वॉर्डापर्यंत पोहोचवा

प्रति,
मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.

विषय : शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांतील विद्यार्थी, निवासी डॉक्टर व संशोधक यांना वैद्यकीय माहिती वेळेवर मिळण्याबाबत.

महोदय,
सादर नमस्कार.

मी नागपूरची. सगळी नोकरी वैद्यकीय महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत केली आणि ग्रंथपाल म्हणून निवृत्त झाले. मी डॉक्टर नाही. पण डॉक्टर घडताना काय वाचतात, काय शोधतात आणि काय न मिळाल्यामुळे अडून बसतात, हे काउंटरमागे उभं राहून रोज पाहिलं आहे. त्या बळावर आपल्याकडे एकच मागणं घेऊन आले आहे. वैद्यकीय माहितीवर सरकारचा मोठा पैसा खर्च होतो आहे. ती माहिती वाचणाऱ्याच्या हातात पडेल, याची जबाबदारी प्रत्येक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात एका प्रशिक्षित, पूर्णवेळ माणसाकडे द्या.

हे पत्र आत्ताच का, तेही सांगते. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यातल्या परासिया भागातली लहान मुलं आजारी पडू लागली. साधा सर्दी-ताप, मग उलट्या, मग लघवी बंद आणि मूत्रपिंडं निकामी. छिंदवाड्याच्या माणसाला मोठं हॉस्पिटल म्हणजे नागपूर. त्यामुळे ही मुलं आमच्या गावात आणली गेली आणि त्यातल्या अनेकांनी इथेच प्राण सोडले. पुढे तामिळनाडूच्या औषध प्रशासनाने तपासणी केली, तेव्हा या मुलांना दिलेल्या खोकल्याच्या औषधात डायएथिलीन ग्लायकॉल (डीईजी) हे विषारी रसायन सापडलं, ४८.६ टक्के. औषधात ते ०.१ टक्क्याच्या वर असता कामा नये. वीसहून अधिक लेकरं गेली.

त्या दिवसांत माझ्या ओळखीच्या निवासी डॉक्टरांचे मला फोन येत होते. निवृत्त झाले तरी मुलं मॅडम म्हणून हक्काने फोन करतात. "मॅडम, डीईजीवर काही मिळेल का? लहान मुलांमधलं, डायलिसिसबद्दल?" खूप काही मिळण्यासारखं होतं. १९३७ मध्ये अमेरिकेत सल्फानिलामाइडच्या औषधाने शंभराहून अधिक माणसं दगावली, ती याच विषाने. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळीचं ग्लिसरीन दिल्याने चौदा रुग्ण गेले. त्यावर आपल्याच राज्याने लेंटिन आयोग नेमला होता. १९९८ मध्ये गुरुग्राम, नंतर जम्मूतलं रामनगर, २०२२ मध्ये गॅम्बिया. प्रत्येक वेळी गोष्ट तीच : पातळ औषध, मग थांबलेली लघवी, मग मूत्रपिंडं. प्रत्येक प्रकरणावर लेख आहेत, अहवाल आहेत.

जे डॉक्टर त्या मुलांच्या उशाशी रात्रंदिवस उभे होते, त्यांना माझ्या मनात कसलाही दोष नाही. त्यांनी जीव तोडून काम केलं. माझा प्रश्न व्यवस्थेला आहे. नव्वद वर्षांपासून माहीत असलेल्या विषाचा इतिहास चोवीस तासांची ड्यूटी करणाऱ्या पोराने रात्री दोन वाजता, मोबाइलवर, एकट्याने का शोधावा? मूत्रपिंड निकामी झालेली चार मुलं एकाच तालुक्यातून आली, तर त्याच दिवशी त्या विषयावरचं उत्तम वाचन त्या वॉर्डात पोहोचवणारं कुणीतरी रुग्णालयात असायला नको का?

केंद्राने या बाबतीत मोठं पाऊल टाकलं आहे, ते मोकळेपणाने मान्य करते. 'एक राष्ट्र एक सदस्यता' ही योजना नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केली. तीन वर्षांसाठी सहा हजार कोटी रुपये, तीस प्रकाशक, जवळपास तेरा हजार जर्नल्स म्हणजे संशोधनाची नियतकालिकं, आणि देशभरातल्या सहा हजारांहून अधिक सरकारी संस्था. एल्सेव्हिअर, स्प्रिंगर नेचर, वायली, बीएमजे हे सगळे त्यात आहेत. ज्यांनी एका जर्नलच्या वर्गणीसाठी वर्ष वर्ष फायली फिरवल्या, त्या माझ्यासारख्यांना ही बातमी वाचून डोळ्यांत पाणी आलं होतं.

पण प्रत्यक्षात काय होतं, ते ऐका. जर्नल उघडतं ते महाविद्यालयाच्या नेटवर्कवर. निवासी डॉक्टर असतो वॉर्डात, कॅज्युअल्टीत नाहीतर हॉस्टेलवर, आणि त्याच्या हातात असतो स्वतःच्या डेटापॅकचा मोबाइल. लेखाचं नाव दिसतं, सारांश दिसतो, आणि खाली येतं की पूर्ण लेखासाठी संस्थेमार्फत प्रवेश करा किंवा तीस-चाळीस डॉलर भरा. घरून, हॉस्टेलवरून वाचता यावं म्हणून विद्यापीठांच्या ग्रंथालयांसाठी काम करणाऱ्या इन्फ्लिबनेट या केंद्रीय संस्थेची 'इन्फेड' नावाची लॉगिनची सोय आहे. ती चालते ती संस्थेने नोंदणी करून विद्यार्थ्यांची खाती उघडून दिली तरच. हे काम अवघड मुळीच नाही. पण ते कुणाचं तरी नेमून दिलेलं काम असावं लागतं. माझ्या माहितीतल्या एका महाविद्यालयात ग्रंथपाल निवृत्त झाल्यावर प्रभार आस्थापनेतल्या लिपिकाकडे गेला. तो माणूस प्रामाणिक आहे, पगारबिलं बिनचूक काढतो. इन्फेड म्हणजे काय, हे त्याला कुणी सांगितलंच नाही, आणि तिथल्या जेआर, म्हणजे कनिष्ठ निवासी डॉक्टर मुलांना आपल्या नावावर हजारो जर्नल्स आहेत याचा पत्ताही नव्हता. ती मुलं लेखांच्या पीडीएफ व्हॉट्सॲपवर एकमेकांकडे मागत होती. चोरवाटेने लेख देणारी साय-हबसारखी संकेतस्थळं ऑगस्ट २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने बंद करायला सांगितली. तो कायद्याचा प्रश्न आहे, त्यात मी शिरत नाही. पण मागचं दार बंद झाल्यावर पुढचं उघडून देणं सरकारचं काम आहे, आणि त्याची किल्ली आधीच आपल्या हातात आहे.

खासगी महाविद्यालयं या योजनेच्या पहिल्या टप्प्यात नाहीत. नागपूर परिसरात अशी महाविद्यालयं आहेत आणि तिथली मुलंही उद्या याच मातीतल्या रुग्णांवर उपचार करणार आहेत, एवढंच नोंदवून ठेवते.

आता ग्रंथालयातल्या प्रबंधांच्या कपाटाबद्दल, ज्यासाठी खरं तर मला हे पत्र बऱ्याच आधी लिहायचं होतं. एमडी-एमएस करणाऱ्या प्रत्येकाला थिसिस, म्हणजे प्रबंध लिहावा लागतो. सिनॉप्सिस, एथिक्स कमिटी, दीड-दोन वर्षं रुग्णांची नोंद, गाइडच्या दहा दुरुस्त्या, मग रेक्झिनची बांधणी आणि तिच्यावर सोनेरी अक्षरांत नाव. एक प्रत ग्रंथालयात येते आणि काचेच्या कपाटात जाते. मागच्या पुठ्ठ्याला आतून एक कागदी पाकीट चिकटवलेलं असतं, त्यात सीडी. त्या सीडी मी वर्षानुवर्षं नोंदवून घेतल्या. शेवटी शेवटी आमच्या ग्रंथालयात त्या चालवू शकणारा एकही संगणक उरला नव्हता. कपाटाला कुलूप, कारण प्रती हरवतात. परीक्षेच्या आधी एखादा विद्यार्थी मांडणी पाहायला एखादी प्रत मागतो, दोन पानांचे फोटो काढतो आणि परत करतो.

त्या कपाटात काय आहे, याची कल्पना यावी म्हणून सांगते. विदर्भातला सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार : मुलांमधले दुखण्याचे झटके, हायड्रॉक्सियुरिया या औषधाचा परिणाम, गरोदर बायका. सर्पदंश. कीटकनाशकाची विषबाधा. पंचेचाळीस-सेहेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यातला उष्माघात. २०१८ मध्ये नागपुरात पसरलेला स्क्रब टायफस हा किड्याच्या चाव्यातून होणारा ताप. सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान १ जुलै २०२३ रोजी शेजारच्या मध्य प्रदेशात, शहडोलमध्ये सुरू झालं आणि २०४७ चं लक्ष्य ठेवलं गेलं. त्या अभियानाला लागणारी कितीतरी निरीक्षणं आमच्या मुलांनी आधीच करून ठेवली आहेत, आणि ती कुलपात आहेत. नवा विद्यार्थी तोच विषय शून्यापासून घेतो, कारण पाच वर्षांपूर्वी शेजारच्या महाविद्यालयात तो झाला आहे हे त्याला कळायला मार्गच नाही.

पीएचडीचे प्रबंध 'शोधगंगा' या संकेतस्थळावर कुणालाही वाचता येतात. एमडी-एमएसच्या प्रबंधांसाठी तशीच सोय महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या मदतीने आपण राज्यात करा. रुग्णाची ओळख उघड होणार नाही याची काळजी घ्यायची, निष्कर्ष आधी जर्नलमध्ये प्रसिद्ध करायचे असतील तर प्रबंध वर्ष-दोन वर्षं राखून ठेवायची मुभा द्यायची, आणि बाकी सगळं खुलं. जुने प्रबंध स्कॅन करायला फार पैसा लागत नाही. सुरुवात सिकलसेल, सर्पदंश आणि उष्माघात या तीन विषयांपासून करा, विदर्भाला ते लगेच उपयोगी पडतील.

आमच्या भागातलं निरीक्षण जगाच्या कामी येतं, हे मी अभिमानापोटी म्हणत नाही. चांदीपुरा विषाणूचं नावच नागपूर परिसरातल्या चांदीपुऱ्यावरून पडलं; १९६५ मध्ये इथल्या तापाच्या रुग्णांत तो पहिल्यांदा सापडला. पुढे २००३ मध्ये आंध्रात १८३ मुलं ज्या साथीत गेली, तिचा माग याच विषाणूपर्यंत पोहोचला. नागपूरच्या मेडिकलमध्ये शिकलेले डॉ. हिंमतराव बावस्कर कोकणात बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. तिथून त्यांनी विंचूदंशावरची निरीक्षणं 'लॅन्सेट' या नामांकित वैद्यकीय जर्नलला पाठवली, ती १९८२ मध्ये छापून आली, आणि पुढे त्यांच्या प्राझोसिन या औषधाच्या उपचाराने विंचवाने होणारे मृत्यू झपाट्याने कमी झाले. डॉ. अभय आणि राणी बंगही इथलेच विद्यार्थी. गडचिरोलीतल्या नवजात बालकांवरचं त्यांचं काम १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलं. या माणसांच्या जिद्दीला तोड नाही. पण नागपुरात शिकणाऱ्या आजच्या मुलीला हेच करायचं असेल, तर तिला जर्नल वाचायला मिळण्यासाठी जिद्द लागता कामा नये. ती जिद्द रुग्णासाठी शिल्लक राहू द्या.

बातमीबद्दल एक सूचना. केंद्रीय औषध नियंत्रण संस्था दर महिन्याला दर्जाहीन औषधांची यादी काढते. साथरोग सर्वेक्षणाच्या नोंदी होतात. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेची माहिती येते. हे सगळं कुठल्या ना कुठल्या संकेतस्थळावर पीडीएफच्या रूपात पडून असतं, आणि वॉर्डात मात्र आधी पोहोचते ती व्हॉट्सॲपवरची अर्धवट बातमी. प्रत्येक महाविद्यालयाच्या ग्रंथालयातून दर सोमवारी एक पानाचं माहितीपत्र निघू द्या. या आठवड्यात कुठली औषधं नापास झाली, शेजारच्या जिल्ह्यात कुठली साथ आहे, कुठला गाजलेला लेख मागे घेतला गेला. हा शेवटचा मुद्दा किरकोळ समजू नका. मे २०२० मध्ये कोविडवर दिल्या जाणाऱ्या हायड्रॉक्सिक्लोरोक्वीनवर 'लॅन्सेट'मध्ये आलेला लेख जूनमध्ये मागे घ्यावा लागला, कारण त्यामागची आकडेवारी कुणाला तपासताच येईना. लेख आल्याची बातमी सगळ्यांनी वाचली होती, मागे घेतल्याची फार थोड्यांनी. नागपूरच्या पत्रात छिंदवाडा, बालाघाट, सिवनीचीही खबर हवी, कारण तिथले रुग्ण इथेच येतात आणि आजाराला राज्याची सीमा कळत नाही. तपासायला ग्रंथपालासोबत औषधशास्त्र आणि जनवैद्यक विभागाचा एक एक शिक्षक पुरे. मराठी आणि इंग्रजी दोन्हींत निघालं, तर नर्सिंगच्या मुली आणि औषध वाटप खिडकीवरचे कर्मचारीही ते वाचतील.

९ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यात एकदम दहा नवी वैद्यकीय महाविद्यालयं सुरू झाली, त्यात विदर्भात अमरावती, गडचिरोली, बुलडाणा, वाशिम आणि भंडारा. विदर्भातल्या या पाचांत प्रत्येकी शंभर मुलं. गडचिरोलीतल्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याकडे इमारत पूर्ण नसली, प्राध्यापक कमी असले, तरी उत्तम ग्रंथालय पहिल्या दिवसापासून असू शकतं, कारण ते आता पडद्यावर आहे आणि त्याचे पैसे दिले गेले आहेत. तिथे लागतो तो शोध कसा घ्यायचा हे शिकवणारा माणूस. पबमेड या वैद्यकीय लेखांच्या ऑनलाइन सूचीत कोट्यवधी नोंदी आहेत. त्यातून आपल्याला हव्या त्या पंधरा वेचणं हे कसब आहे आणि ते शिकवता येतं. मी शिकवलं आहे, दुपारी ओपीडी संपल्यावर, दहा-दहा जणांच्या गटाला. एकदा जमलं की मुलं पुन्हा विचारायला येत नाहीत.

म्हणून विनंती अशी की, नव्या आणि जुन्या सगळ्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत ग्रंथपालाची पदं कंत्राटाने किंवा अतिरिक्त प्रभाराने न भरता कायम स्वरूपात भरावीत. 'एक राष्ट्र एक सदस्यता' योजनेत प्रत्येक विद्यार्थ्याचं आणि निवासी डॉक्टरचं इन्फेड खातं उघडलं आहे की नाही, याचा लेखी अहवाल वैद्यकीय शिक्षण संचालनालयाने अधिष्ठात्यांकडून मागवावा आणि तो सर्वांना पाहता यावा. प्रबंध खुले करण्याची आणि साप्ताहिक माहितीपत्राची सुरुवात नागपुरातून व्हावी.

हिवाळी अधिवेशनासाठी आपण नागपूरला याल, रविभवनात मुक्काम असेल. एका रात्री नऊनंतर, ताफा आणि सत्कार न ठेवता, कुठल्याही एका शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या वाचनकक्षात अर्धा तास या. समोर बसलेल्या कोणत्याही तीन निवासी डॉक्टरांना त्यांच्या मोबाइलवर बीएमजेचा एक पूर्ण लेख उघडून दाखवायला सांगा. मी तिथे हजर राहीन, आणि न उघडल्यास खातं कसं काढायचं ते त्याच बैठकीत दाखवीन. या पत्राचं उत्तर लेखी मिळावं, ही विनंती.

कळावे,
आपली नम्र,
एक निवृत्त वैद्यकीय ग्रंथपाल,
नागपूर.