क्लच किती जड, हे आकड्यात छापावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नवी मोटरसायकल आली की तिच्या परीक्षणात इंजिनाची शक्ती, टॉर्क (फिरवण्याचा जोर), वजन, आसनाची उंची, टाकीची क्षमता असे सगळे आकडे छापून येतात. गर्दीच्या रस्त्यावर डाव्या हाताला पुन्हा पुन्हा जे काम करावे लागते, त्याची बोळवण मात्र ‘क्लच हलका आहे’ किंवा ‘काहीसा जड वाटतो’ एवढ्या विशेषणावर होते. आपल्या वाहनविषयक पानावरही हेच दिसते. आकडाच नसल्याने खरेदीदाराला दोन गाड्यांची तुलना करता येत नाही. शिवाय वापरात क्लच जड होत गेला तर तो किती जड झाला हे ठरवता येत नसल्यामुळे उपाय भलत्याच ठिकाणी शोधला जातो.

भलत्या ठिकाणच्या उपायांत मऊ स्प्रिंगांचा मान पहिला. इंजिनाची ताकद चाकाकडे नेणाऱ्या क्लच प्लेटा एकमेकींवर दाबून धरण्याचे काम स्प्रिंगांचे असते आणि क्लच किती टॉर्क पेलेल हे त्या दाबाच्या थेट प्रमाणात ठरते. दाब एक पंचमांशाने घटवला की पेलण्याची क्षमताही तेवढीच घटते. उत्पादक थोडी क्षमता राखून ठेवतात हे खरे, पण प्लेटा झिजतात तसा कॉइल स्प्रिंगांचा दाबही उतरत जातो आणि ती राखीव क्षमता त्यासाठीच असते. मऊ स्प्रिंगांच्या गाडीचा क्लच चढावर, वरच्या गिअरमध्ये घसरू लागतो. इंजिनाचा आवाज चढतो, वेग चढत नाही आणि प्लेटा जळतात. एखादी स्प्रिंग काढूनच टाकण्याचा सल्ला त्याहून वाईट, कारण मग प्रेशर प्लेट (प्लेटांवर दाब देणारी तबकडी) तिरकी उचलली जाते. मुळात कॉइल स्प्रिंग वापराने ताठ होत नाही, झालीच तर मऊ होते. नवी असताना हलका क्लच असलेल्या गाडीचा क्लच पुढे जड झाला, तर दोष स्प्रिंगांचा नाही एवढे तरी घरबसल्या सांगता येते.

असा वाढलेला जोर मुख्यतः लिव्हर आणि इंजिन यांना जोडणाऱ्या केबलमध्ये खर्ची पडतो. आतली पोलादी तार बाहेरच्या आवरणाच्या वळणांवर घासत सरकते आणि हे घर्षण सगळ्या वळणांच्या कोनांच्या बेरजेवर अवलंबून असते. तेही सरळ प्रमाणात नव्हे, घातांकी प्रमाणात. खुंटाला दोराचे दोन-तीन वेढे दिले की पलीकडची मोठी ओढ एका हाताने रोखता येते, ते याच तत्त्वामुळे; येथे ते हाताच्या विरुद्ध काम करते. अस्तराचा घर्षणांक ०.१५ धरला आणि केबलची सारी वळणे मिळून १८० अंश भरली, तर इंजिनाकडच्या टोकाला १०० न्यूटन पोचवण्यासाठी लिव्हरकडच्या टोकाला सुमारे १६० न्यूटन ओढावे लागतात. वळणे २७० अंशांवर गेली की हाच आकडा २०० च्या थोडा पुढे जातो. उंच हँडल बसवल्यावर जुनीच केबल कशीबशी पुरवली, किंवा दुरुस्तीनंतर केबल मूळ मार्ग सोडून टाकीखालून आडवाटेने नेली, तर क्लचला हातही न लावता तो जड करून ठेवता येतो. गंज, धूळ आणि तुटलेले तंतू घर्षणांकच वाढवतात. तंतू तुटलेली केबल तेलाने सुधारत नाही, ती बदलावीच लागते. अस्तर नसलेल्या केबलमध्ये पातळ तेल वरून सोडून ते खालच्या टोकातून बाहेर येईपर्यंत धीर धरावा. नायलॉन किंवा टेफ्लॉनचे अस्तर असलेल्या केबलबाबत मात्र गाडीचे मॅन्युअल प्रमाण मानावे, कारण काही उत्पादक अशा केबलमध्ये तेल घालू नका असेच सांगतात.

केबल तपासण्याच्या रूढ पद्धतीत एक फसगत आहे. केबल इंजिनाकडून सोडवून नुसता लिव्हर दाबून पाहतात. गंजून अडकलेली केबल त्यात लगेच सापडते. पण घर्षण भारासोबत वाढते, त्यामुळे बिनभाराची केबल बोटांना मऊ लागली म्हणून ती निर्दोष ठरत नाही. खात्री करायची तर शाळेच्या प्रयोगशाळेत असतो तसा साधा ताणकाटा पुरतो. इंजिनावरचा क्लच आर्म (केबल जिला ओढते ती दांडी) थेट ओढायला किती जोर लागतो ते एकदा मोजावे आणि लिव्हर दाबायला किती लागतो ते एकदा. दुसऱ्या आकड्याला लिव्हरच्या गुणोत्तराने (टेकूपासून बोटांचे अंतर भागिले टेकूपासून केबलच्या टोकाचे अंतर) गुणले की केबलच्या वरच्या टोकाची ओढ मिळते, आणि तिच्यातून पहिला आकडा वजा केला की केबलने खाल्लेला जोर समोर येतो. एवढे मोजल्याशिवाय सुटे भाग बदलत राहणे म्हणजे ताप न मोजता औषध देणे होय.

केबल निर्दोष निघाली तर आर्मचा कोन पाहावा. क्लच सुटण्याच्या क्षणी केबल आणि आर्म यांच्यात जवळपास काटकोन असला पाहिजे. तो ६० अंशांवर आला तर लागणारा जोर सुमारे १५ टक्क्यांनी वाढतो, ४५ अंशांवर आला तर ४१ टक्क्यांनी. प्लेटांची झीज वर्षानुवर्षे फक्त केबलच्या नटांवर भरून काढली की हा कोन बिघडतो. ज्या इंजिनांत पुशरॉडचा (प्लेटा सोडवणाऱ्या आतल्या दांडीचा) स्वतंत्र स्क्रू असतो तेथे आधी तो जुळवून मगच केबलचे फ्री प्ले (सुरुवातीची मोकळी ढील) मॅन्युअलप्रमाणे ठेवावे. लिव्हरचा बोल्ट आणि केबलच्या वरच्या टोकाचा निपल (तारेला लिव्हरमध्ये अडकवणारा धातूचा गोळा) यांना ग्रीस लावणे हे क्षुल्लक काम वाटते, पण निपल लिव्हरमध्ये फिरेनासा झाला की तार तेथेच दुमडून तंतू तुटू लागतात.

बाजारात मिळणारे लांब आर्म आणि ‘हलके’ लिव्हर यांविषयी एवढेच म्हणेन की तरफेचा नियम कोणालाही सूट देत नाही. टेकूपासून निपलपर्यंतचे अंतर ३० मिलिमीटरवरून २७ वर आणले तर जोर दहा टक्क्यांनी कमी लागतो, पण केबलही दहा टक्के कमी ओढली जाते. तेवढी ओढ शिलकीत नसेल तर क्लच पूर्ण सुटत नाही, गिअर खडखडतात आणि सिग्नलला न्यूट्रल सापडत नाही. दिसायला देखणे आखूड लिव्हर तर उलटाच परिणाम करतात, कारण बोटे टेकूच्या जवळ येतात. लहान पंजाच्या चालकांना खरा उपयोग होतो तो अंतर कमी-जास्त करता येणाऱ्या लिव्हरचा. जोर तेवढाच लागतो, पण तो बोटे पुरती न ताणता लावता येतो.

हायड्रॉलिक क्लच म्हणजे हलका क्लच, हाही समज तपासून घ्यावा. त्यात केबलऐवजी नळीतला द्रव जोर पोचवतो, म्हणून केबलचे घर्षण नसते, हा फायदा निर्विवाद आहे. पुढचे सारे लिव्हरकडचा आणि क्लचकडचा अशा दोन पिस्टनांच्या व्यासांवर ठरते. लिव्हरकडचा, म्हणजे मास्टर सिलिंडर १४ मिलिमीटरऐवजी १२.७ चा घेतला तर जोर सुमारे १८ टक्क्यांनी उतरतो आणि तेवढीच सरकही कमी मिळते. जोर कमी करूनही टॉर्क पेलण्याची क्षमता टिकवणारा उपाय म्हणजे स्लिप-असिस्ट क्लच. गाडी वेग घेताना त्यातील उतरते कॅम (तिरक्या कडांचे उंचवटे) प्लेटांना स्वतःच आवळतात, म्हणून स्प्रिंगा मुळातच मऊ ठेवता येतात. २०१३ च्या कावासाकी निंजा ३०० मध्ये तो होता; लहान इंजिनांना तो परवडत नाही असे म्हणणे आता टिकणारे नाही. होंडाच्या सुपर कबमधून तर १९५८ मध्येच लिव्हर हद्दपार झाला होता, अर्थात तेथे केंद्रोत्सारी (इंजिनाच्या फिरण्याच्या वेगाने आपोआप जोडला-सुटणारा) क्लच होता आणि इंजिनही छोटे.

म्हणून विनंती अशी की, आपल्या परीक्षणांत क्लचचा जोर न्यूटनमध्ये छापावा आणि उत्पादकांकडेही त्याची मागणी करावी. लिव्हरच्या टोकापासून ३० मिलिमीटर आत ताणकाटा अडकवून तो लिव्हरशी काटकोनात ओढावा आणि क्लच पूर्ण सुटेपर्यंतचा सर्वांत मोठा आकडा नोंदवावा. हँडल सरळ असताना एकदा आणि दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून एकेकदा. सोबत लिव्हर आणि मूठ यांच्यातील अंतर मिलिमीटरमध्ये द्यावे. दीर्घकालीन परीक्षणासाठी ठेवलेली गाडी परत करण्यापूर्वी हेच मोजमाप पुन्हा घेऊन दोन्ही आकडे शेजारी शेजारी छापले, तर केबलची जडणघडण कोणी नीट केली आहे हेही वाचकांना कळेल.

आपला विश्वासू,
एक दुचाकीस्वार वाचक