आधी फ्लशची टाकी, मग सौर पॅनल

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गच्चीवर सौर पॅनल बसवलं की घर पर्यावरणस्नेही झालं, अशी समजूत इंदूरच्या घरमालकांत रुजत चालली आहे. राहत्या घरापुरतं ते ठीक. भाड्याच्या घरात हिशेब वेगळा असतो. वीजबिल भाडेकरू भरणार म्हणून मालक दुकानातला सगळ्यात स्वस्त पंखा आणून लावतो, आणि घर आपलं नाही म्हणून भाडेकरू तो बदलत नाही. नर्मदेच्या नळाचं बिल तर बहुतेकांना मीटरवर येतच नाही, दरमहा ठरलेली रक्कम भरायची. मग पाणी गळलं काय नि राहिलं काय, खिशाला चिमटा कुणाच्याच बसत नाही. म्हणून आधी पाण्याबद्दल.

आपलं पाणी मंडलेश्वरजवळच्या जलूदहून येतं, सुमारे सत्तर किलोमीटरवरून. आणि चढावर येतं. नदीचं पात्र आणि आपलं शहर यांच्या उंचीत साधारण चारशे मीटरचा फरक आहे. पंपातली आणि पाइपातली घट सोडून दिली, तरी हजार लिटर पाणी तेवढं वर चढवायला एका युनिटाहून जास्त वीज लागते. महापालिकेनं २०२३ मध्ये हरित रोखे, म्हणजे पर्यावरणाच्या कामासाठीचे कर्जरोखे, काढून २४४ कोटी रुपये उभे केले ते जलूदच्या सौर प्रकल्पासाठीच. इतक्या खटाटोपानं आलेलं पाणी भाड्याच्या घरात सगळ्यात जास्त कुठं वाया जात असेल, तर संडासातल्या फ्लशच्या टाकीतून. तेही आवाज न करता.

परीक्षा सोपी आहे. फ्लशच्या टाकीत खाण्याचा रंग चमचाभर टाकायचा आणि वीस मिनिटं फ्लश ओढायचा नाही. खाली भांड्यात रंग उतरला, तर तळाचा रबरी वायसर गेला. बोरिंगच्या जड पाण्यानं त्यावर क्षार धरतात, रबर कडक होतं आणि नीट बसत नाही. नवा वायसर चहा-पोह्याच्या पैशात येतो. मात्र जुना सोबत नेऊन मापाचाच घ्यावा, ‘सगळ्यांना बसतो’ म्हणून देतात तो महिन्याभरात पुन्हा गळतो. रंग उतरला नाही, तरी टाकीचं झाकण काढून मधली उभी नळी बघावी. फ्लोट, म्हणजे पाण्यावर तरंगून भरणा बंद करणारा गोळा, वर चढवून ठेवला असेल, तर पाणी त्या नळीतून सतत खाली जात राहतं. पाण्याची पातळी नळीच्या तोंडापासून इंचभर खाली हवी. मिनिटाला २०० मिलिलिटरची बारीक धार म्हणजे दिवसाला २८८ लिटर, एवढ्यात दोन माणसांचं सगळं भागतं. टाकीच जुनी, नऊ-दहा लिटरची असेल तर तीन आणि सहा लिटरची दोन बटणांची घ्यावी. पण वायसर न बघता नवी टाकी घेणं म्हणजे फुटक्या माठाला नवं झाकण.

घर रिकामं असताना दुसरी तपासणी करून घ्यावी. गच्चीवरच्या टाकीत पाण्याच्या पातळीला खडूनं रेघ मारायची, पंप आणि भरणा बंद ठेवायचा, सहा तासांनी पाहायचं. गोल टाकीचा व्यास एक मीटर असेल तर एक सेंटीमीटर उतार म्हणजे जवळपास आठ लिटर. हीच रेघ जमिनीतल्या हौदातही मारावी, आणि ती उन्हाळ्यात मारावी. माळव्याची काळी माती उन्हात आकसते, पावसात फुगते. त्या ओढाताणीत हौदाचा कोपरा आणि जमिनीतला पाइपाचा जोड आधी तडकतो. पावसाळ्यात बाहेरचं पाणी आत येत असल्यामुळे गळती कळतच नाही, शिवाय ते पाणी पिण्यात येतं ते वेगळंच. नर्मदेची लाइन एक दिवस आड येते, म्हणून कॉक उघडा ठेवून लोक झोपतात. हौदाला फ्लोट व्हॉल्व नसेल तर पहाटे गल्लीत ओहोळ वाहतो. हा खर्च कटाक्षानं मालकानंच करावा.

नळाच्या तोंडाला जाळी, म्हणजे एरेटर, बसवला की मिनिटाला दहा-बारा लिटरची धार पाच-सहावर येते. बोरिंगचं पाणी असेल तर दोन-तीन महिन्यांत जाळी चोंदते, भाडेकरू ती काढून फेकतो आणि दोष जाळीला देतो. रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवली की ती मोकळी होते, हे त्याला पहिल्याच दिवशी सांगून ठेवावं. बादलीच्या नळाला मात्र जाळी नको. बादली भरायची तेवढीच भरते, फक्त वेळ जास्त लागतो.

आता वीज. छताच्या साध्या पंख्याला ७५ वॉटच्या आसपास लागतात, बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या नव्या मोटरच्या, पंख्याला ३० च्या आसपास. दिवसाला चौदा तास धरले तर एका पंख्यामागे महिन्याला १९ युनिटं वाचतात. आपल्याकडे अटल गृह ज्योती योजनेत महिन्याचा वापर १५० युनिटांच्या आत असेल तर पहिली १०० युनिटं १०० रुपयांत मिळतात. १५१ वं युनिट जळलं की ती सवलत संपूर्ण जाते. दोन पंखे बदलले की १८० वर जाणारं घर १५० च्या आत येतं. भाडेकरूला पटवायला दुसरं काही सांगावं लागत नाही. याच कारणानं तीन बिऱ्हाडं एका मीटरवर ठेवून आत मालकाचे खाजगी सबमीटर लावणं हा तोट्याचा व्यवहार आहे. तिघांचा वापर एकत्र मोजला जातो आणि काटकसर करणाऱ्यालाही वरच्या दरानं भरावं लागतं. जिथं दार आणि स्वयंपाकघर वेगळं, तिथं वेगळ्या कनेक्शनचा अर्ज करावा.

बीएलडीसी पंखा लावताना भिंतीवरचा जुना रेग्युलेटर काढून सरळ स्विच ठेवायचा, वेग रिमोटनं बदलायचा. तो मध्ये राहिला तर पंखा गुणगुणतो, धडपडत फिरतो आणि शेवटी आतली सर्किट पाटी जाते. मिस्त्री म्हणतो, ‘कंपनीच खराब.’ २०२३ पासून छताच्या पंख्यांना स्टार लेबल सक्तीचं आहे, ते बघूनच घ्यावा.

वरच्या मजल्याची खोली ही भाड्याच्या घराची दुखरी नस. भाडेकरू एसी आणतो, कारण छत भट्टीसारखं तापतं. मार्चमध्ये गच्ची धुऊन चुन्याचे दोन हात दिले की खोलीत दोन-चार अंशांचा फरक पडू शकतो. दहा किलो चुना रात्रभर वीसेक लिटर पाण्यात भिजवून, गाळून, त्यात अर्धा किलो फेविकॉल घालावा. नुसता चुना चपलांना लागून जिन्यात पांढरी पावलं उमटवतो. कळीचा चुना घेतला तर तो पाण्यात उकळतो, म्हणून लोखंडी पिंप घ्यावं, डोळ्यांवर चष्मा असावा आणि पोरं लांब ठेवावीत. हा रंग एकाच उन्हाळ्याचा सोबती आहे. गच्चीचं पाणी बोरिंगच्या पुनर्भरणाला जोडलेलं असेल तर पहिले दोन-तीन पाऊस बाहेर सोडून द्यावेत, नाहीतर चुना आणि धूळ फिल्टरची वाळू गच्च करते. एवढं सांभाळलं तर हजार चौरस फुटांच्या गच्चीवरून वर्षाला साठेक हजार लिटर पाणी जमिनीत जाऊ शकतं. अंगणातलं पाणी मात्र बोरिंगमध्ये कधीच सोडू नये, त्यात साबण आणि गाडीचं तेल असतं.

कूलर लावणाऱ्याला समोरची खिडकी उघडी ठेवता येईल अशी जाळी मालकानंच बसवून द्यावी. हवा बाहेर पडायला वाट नसेल तर कूलर खोली फक्त दमट करतो आणि पुढच्या वर्षी तोच भाडेकरू एसी घेतो.

सौर पॅनलला माझा विरोध नाही. पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटला ७८ हजार रुपये अनुदान आहे. पण नेट मीटरिंग, म्हणजे पॅनलची वीज बिलातून वळती करणं, सहसा एका कनेक्शनवर होतं. वीज भाडेकरूच्या मीटरवर गेली तर पैसे गुंतवले मालकानं आणि बिल घटलं दुसऱ्याचं. मालक त्याच घरात राहत असेल, तर आपल्या आणि पंपाच्या मीटरपुरतं बसवावं. पाण्याची टाकी पॅनलच्या उत्तरेला असावी, कारण एका पॅनलवर सावली पडली की साखळीतल्या बाकीच्यांचीही वीज घटते.

कचऱ्याचं शहराला शिकवायला नको. कोचिंग क्लासच्या भंवरकुआं भागात मात्र विद्यार्थी दरवर्षी बदलतात. नव्या मुलाला ओला-सुका कळतो; सॅनिटरी आणि जुनी बॅटरी वेगळी द्यायची, ते माहीत नसतं. जिन्याखाली डबे ठेवून वर मोठ्या अक्षरांत नावं लिहावीत.

ही सगळी कामं दोन भाडेकरूंच्या मधल्या आठवड्यात उरकतात. नंतर अकरा महिन्यांच्या करारासोबत एक कागद जोडावा: मीटरचा आकडा, पंखे किती आणि त्यांचे रिमोट किती, नळांना जाळ्या किती, कूलरचं पाणी आठवड्यातून एकदा कुणी काढायचं. रिमोट हरवला तर अनामतीतून किती कापणार, तेही त्यातच लिहावं.

आपला,
एक वाचक,
लोकमान्य नगर, इंदूर