खडकावर चढलेल्या यॉटविषयी

ती. आई-बाबांना
सा. न. वि. वि.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "सुकाणू ज्याच्या हातात होतं त्यानेच नौका घालवली. यात इतके महिने चौकशी करण्यासारखं काय आहे?" तेव्हा मी विषय बदलला, कारण दोन वाक्यांत सांगण्यासारखं नव्हतं. आणि आई, तू विचारत होतीस की हल्ली माझा आवाज दमलेला का येतो. दोन्हींचं कारण ही यॉटच आहे, म्हणून सविस्तर लिहिते. नावं आणि जागा मात्र लिहीत नाही. अहवाल अजून गेलेला नाही.

बारा मीटरची शिडाची यॉट. मालक स्वतः तिच्यावर नव्हता. एका बंदरातून दुसऱ्या बंदरात पोहोचवण्यासाठी त्याने पगारी कप्तान आणि एक मदतनीस घेतला होता. रात्री वारा खडकांच्या दिशेने वाहत असताना इंजिन आचके देत बंद पडलं. शीड उभारून वाऱ्यावर बाहेर पडायला पुरेशी जागा उरली नव्हती. नांगर टाकला, पण खडकाळ तळावर तो रुतलाच नाही, घसरत आला. उधाणाच्या भरतीला पाणी अगदी वर आलेलं असताना यॉट खडकावर चढली. माणसं दोन्ही सुखरूप आहेत, हे आधी सांगते.

मला विमा कंपनीने सर्व्हेअर म्हणून, म्हणजे नुकसानीची पाहणी करायला, पाठवलं. पहिल्यांदा मी इंजिनाच्या खोलीत शिरले आणि डिझेल फिल्टरचं काचेचं भांडं उघडलं. तळाशी बोटभर काळा, बुळबुळीत गाळ होता. टाकीत पाणी साचलं की पाणी आणि डिझेल जिथे एकमेकांना टेकतात तिथे सूक्ष्मजीव वाढतात, त्यांचा हा गाळ. नौका बंदरात उभी असते तोवर तो टाकीच्या तळाशी पडून राहतो, इंजिनही छान चालतं. समुद्र उसळला की सगळं ढवळून निघतं आणि फिल्टर तुंबतो. म्हणजे इंजिनाची सगळ्यात जास्त गरज असते नेमकं तेव्हाच ते बंद पडतं. जादा फिल्टर ठेवायचा खोका शेजारीच होता. रिकामा.

निघण्याआधी कप्तानाने मालकाला मेसेज केला होता: टाकी साफ करून घ्यायला हवी, फिल्टर मागवा. उत्तर आलं होतं, पाहुणे ठरल्या तारखेला येणार आहेत, तिकडे पोहोचल्यावर बघू. हे दोन मेसेज म्हणजे सगळ्या वादाचं मूळ.

आता मालक म्हणतो, कप्तान निष्काळजी होता, खडकांच्या इतक्या जवळून त्याने नौका नेलीच का? हा प्रश्न खोटा नाही. मीही कप्तानाला तोच विचारला. वारा जमिनीकडे वाहत असेल आणि इंजिनावर भरवसा नसेल तर किनाऱ्यापासून लांब राहायचं, हे या धंद्यात पहिल्या दिवशी शिकवतात. पण मालकाचा वकील या एकाच मुद्द्याला इतका धरून का बसलाय, ते कळायला विम्याचा कायदा पाहावा लागतो. सागरी विम्याचा ब्रिटिश कायदा १९०६चा आहे. त्याच्या कलम ५५ नुसार समुद्राच्या धोक्यामुळे नुकसान झालं असेल, तर कप्तान-खलाशांच्या हलगर्जीपणामुळे ते ओढवलं असलं तरी विमा कंपनीला भरपाई द्यावीच लागते. पण कलम ३९ सांगतं की मुदतीच्या, म्हणजे ठरावीक काळासाठी घेतलेल्या, पॉलिसीत मालकाला माहीत असताना नौका नादुरुस्त अवस्थेत समुद्रात पाठवली गेली, तर त्या नादुरुस्तीमुळे झालेलं नुकसान कंपनीने भरायचं नाही. म्हणजे चूक एकट्या कप्तानाची ठरली तर मालकाला पैसे मिळतात. मालकाला आधीच माहीत होतं असं ठरलं तर पैसे बुडतात. बाबा, तुमच्या त्या एका वाक्यावर कुणाचा किती फायदा अवलंबून आहे, पाहिलंत ना?

तुम्हाला २०१४ मधली जगप्रदक्षिणेच्या शर्यतीतली घटना मी एकदा सांगितली होती. 'टीम व्हेस्टास विंड' ही यॉट २९ नोव्हेंबरला हिंदी महासागरात, मॉरिशसच्या ईशान्येला, कारगाडोस काराजोस या प्रवाळ खडकांवर आदळली. नऊच्या नऊ माणसं वाचली. जगातले नावाजलेले दर्यावर्दी होते ते. इलेक्ट्रॉनिक नकाशा लहान करून पाहिला की तो खडक नीट दिसत नव्हता, आणि तो हवा तितका मोठा करून कुणी पाहिला नाही. नंतर निवृत्त रिअर ॲडमिरल ख्रिस ऑक्झनबोल्ड यांच्या समितीने मार्च २०१५ मध्ये अहवाल दिला. त्यात यॉटवरच्यांची चूक स्पष्ट लिहिली आहे. पण ऐन सुटण्याच्या आधी शर्यतीचा निषिद्ध पट्टा, म्हणजे यॉटनी जायचं नाही असा भाग, बदलला होता आणि नकाशा दाखवण्याच्या पद्धतीतच उणिवा होत्या, हेही त्याच अहवालात आहे. त्यामुळे मला तो अहवाल आवडतो. ती यॉट उचलून, दुरुस्त करून २०१५ मध्ये त्याच शर्यतीत परत उतरवली.

आमची यॉट नाही वाचली. मला सगळ्यात जास्त त्रास याचा होतो, कारण ती वाचू शकली असती. खडकावर चढली तेव्हा तळाला भोक पडलेलं नव्हतं. पहाटे एक टगबोट आली. तिच्या कप्तानाने 'लॉइड्स ओपन फॉर्म'वर, म्हणजे नौका वाचवण्याच्या कामाच्या ठरावीक नमुन्यावर, करार करू म्हटलं. यात मोबदला आधी ठरत नाही. नौका वाचली तर नंतर लवाद तो ठरवतो, नाही वाचली तर काही द्यायचं नाही. आमच्या कप्तानाने मालकाला फोन लावला. मालक म्हणाला, थांबा, विमा कंपनीला विचारतो. कंपनीत रात्रपाळीच्या माणसाने सांगितलं, कार्यालय उघडल्यावर कळवू. या थांबण्यात पुढची भरती निघून गेली.

उधाण ओसरू लागलं की प्रत्येक भरतीचं पाणी आदल्या भरतीपेक्षा कमी चढतं. आज ओढून निघाली असती ती नौका भांगाच्या, म्हणजे कमी भरतीच्या, दिवसांत हलत नाही, पुढच्या उधाणापर्यंत, म्हणजे साधारण पंधरवडा, तिथेच अडकते. तेवढा वेळ तिला कुठला मिळायला? प्रत्येक लाट तिला थोडी उचलून पुन्हा खडकावर आपटत होती. आधी सुकाणूचा दांडा तळातून वर घुसला, मग तळ आणि कणा जोडणारा सांधा उकलला. मी पोहोचले तेव्हा केबिनमध्ये पाणी आत-बाहेर करत होतं आणि उश्या तरंगत होत्या.

कायदा याबाबतीत संदिग्ध नाही. १९८९चा आंतरराष्ट्रीय सॅल्व्हेज (संकटातली नौका वाचवण्याबाबतचा) करार कप्तानाला मालकाच्या वतीने टगबोटीशी असा करार करायचा अधिकार देतो, परवानगी लागत नाही. १९०६च्या कायद्याचं कलम ७८ सांगतं की नुकसान टाळण्यासाठी वाजवी ते सगळं करणं मालकाचं आणि त्याच्या माणसांचं कर्तव्य आहे. मग कप्तानाने फोन का केला? मी विचारलं. तो म्हणाला, "मॅडम, सही केली असती आणि नंतर बिल माझ्या नावावर आलं असतं तर?" महिन्याच्या पगारावरचा माणूस आहे तो. त्याला अधिकार आहे हे कुणी कधी सांगितलंच नव्हतं.

म्हणून मी अहवालात तिघांचंही लिहिलंय. कप्तान भरवसा नसलेलं इंजिन घेऊन निघाला आणि खडकांच्या जवळून गेला. मालकाला टाकीची अवस्था ठाऊक होती आणि त्याला तारीख पाळायची होती. आणि ज्या कंपनीने मला नेमलं, तिच्या माणसाने पहाटे निर्णय टाळला. शेवटचं वाक्य काढा, असं मला दोनदा सुचवलं गेलं. कुणी धमकावलं नाही, आई, घाबरू नकोस. गोड शब्दांतच सांगितलं की त्याची गरज नाही. मला वाटतं गरज आहे. ते काढलं तर उरलेला अहवाल अर्धाच खरा राहील.

एक गोष्ट या भांडणात कुणाच्याच तोंडी नाही, तो खडक. फायबरचे तुकडे, डिझेल, तळाचा विषारी रंग अजून तिथेच आहे. बुडीत जहाजं हटवण्याचा २००७चा नैरोबी करार विमा सक्तीचा करतो, पण ३०० ग्रॉस टन (हे जहाजाच्या आकारमानाचं माप) आणि त्यापुढच्या जहाजांनाच. एवढीशी यॉट त्यातून सुटते. मी सर्वेक्षणात त्याचा वेगळा परिच्छेद घातलाय. कुणी वाचेल की नाही, माहीत नाही.

बाबा, कप्तानाला मी सोडलेलं नाही, हे तुमच्या ध्यानात आलं असेल. त्याची चूक त्याच्या पदरात घातली आहे. फक्त उरलेल्या दोघांची त्याच्या पदरात घातलेली नाही. या कामात तरी यापुढे तुम्ही 'सुकाणू कुणाच्या हातात होतं' असं विचारलंत, तर त्यासोबत 'तारीख कुणी ठरवली' हेही विचारा. मला आवडेल.

अहवाल सोमवारी जाईल. पुढे लवादापुढे माझी साक्ष होईल, त्या दिवशी फोन बंद असेल. संध्याकाळी मीच करीन, तोवर वाट बघत जागू नका. आई, गुडघ्याचं औषध वेळेवर घे. बाबांना सांग, मोतीबिंदूची तारीख आता पुढे ढकलायची नाही, मी रजा टाकली आहे.

तुमची लेक