मुलींच्या हाती योग्य वजनाचा भाला द्या

महोदय,

२०२३ च्या बुडापेस्ट जागतिक ॲथलेटिक्स स्पर्धेत नीरज चोप्राने मिळवलेले सुवर्णपदक घरोघरी साजरे झाले; मात्र त्याच मैदानावर जपानच्या हारुका कितागुचीने अगदी अखेरच्या प्रयत्नात ६६.७३ मीटरची फेक करून महिलांचे सुवर्ण खेचून आणले, ही बातमी फार थोड्यांपर्यंत पोहोचली. पुढे हांगझोऊच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत आपली अन्नू राणी ६२.९२ मीटर भाला फेकून सुवर्ण जिंकणारी पहिली भारतीय महिला भालाफेकपटू ठरली. उसाचे दांडे फेकत सराव सुरू केलेल्या या शेतकऱ्याच्या लेकीचे यश आपल्या ऊसपट्ट्याला तरी परके वाटू नये.

मी माण तालुक्यातील निवृत्त क्रीडाशिक्षक आहे. धावपटू ललिता बाबरच्या या तालुक्यात जिद्दी मुलींची वानवा नाही. गेल्या हिवाळ्यात एका मैदानावर नववीतली मुलगी सराव करताना पाहिली. अठरा वर्षांखालील मुलींसाठी ५०० आणि महिलांसाठी ६०० ग्रॅमचा भाला असताना तिच्या हाती पुरुषांचा ८०० ग्रॅमचा भाला होता. मुठीवरची दोरी उसवलेली, त्यावर चिंधी गुंडाळलेली. त्या वजनाने दर फेकीला तिचा कोपर खाली येई आणि भाल्याचे शेपूट आधी जमिनीला टेके. नियमानुसार अशी फेक बादच ठरते, शिवाय कोपर दुखावतो तो वेगळाच.

प्रत्येक तालुका क्रीडा संकुलात मुलींसाठीचे ५०० आणि ६०० ग्रॅम अशा दोन्ही वजनांचे भाले तातडीने उपलब्ध करावेत, ही क्रीडा खात्याला कळकळीची विनंती.

– एक निवृत्त क्रीडाशिक्षक, दहिवडी (जि. सातारा)