कात्रीवाल्या काका, तुम्हाला थँक्यू म्हणायचं राहिलं

काका नमस्कार. तुमचं नाव विचारायचं राहिलं म्हणून नुसतं काका म्हणतोय. मंगळदास मार्केटच्या मागच्या गल्लीत झिपा, बटणं, बॉबिन, कात्र्या असं सगळं कोंबून भरलेलं ते दोन फुटी दुकान तुमचं. तुम्ही काही हे वाचणार नाही, पण गल्ल्याजवळ मोबाईलमध्ये डोकं घालून बसलेला तो मुलगा कदाचित वाचेल आणि तुम्हाला दाखवेल, एवढ्या आशेवर लिहितोय.

तीन आठवडे झाले. त्या दिवशी माझा घसा असा दाटला होता की पैसे दिले आणि निघालो. आईने सांगितलेली झिप पण राहिली, त्यावरून घरी जे ऐकून घेतलं ते वेगळंच.

आमचे बाबा म्हणजे बेस्टचे रिटायर्ड कंडक्टर, आणि ड्युटी नसेल तेव्हा गळ घेऊन मार्व्याच्या खाडीवर. दीड वर्षापूर्वी लकव्याचा झटका आला, उजव्या हाताची बोटं वळतात पण जोर नाही. डाव्या हाताने रॉड धरायला, रीळ फिरवायला शिकले, गाठी पण दात लावून बांधतात, अडलं कुठे तर दोरी कापण्यात. पूर्वीचा तंगूस, म्हणजे साधी नायलॉनची दोरी असती तर कशानेही तुटली असती हो, पण मीच हौसेने त्यांना ती विणलेली ब्रेडेड लाईन आणून दिलेली, आठ पदरी, तीस पौंडाची. (ब्रेड लाईन मागितली तर एकाने मला समोरची बेकरी दाखवली होती, ते जाऊ दे.) ज्यांनी ती कधी हातात घेतली नाही त्यांना कळणार नाही. खरं तर दुधाच्या पिशवीच्याच घराण्यातलं प्लास्टिक, पॉलिथिलीनच, पण त्याचे धागे इतके चिवट की बुलेटप्रूफ जॅकेटात वापरतात, आणि वर तेल लावल्यासारखे गुळगुळीत. नेलकटरने ती कापली जात नाही, चेचली जाते, टोकाचा झाडू होतो आणि मग तो झाडू गरीच्या, म्हणजे गळाच्या आकड्याच्या भोकातून ओवायचा म्हणजे बसा अर्धा तास. लायटर लावला तर दीडशे डिग्रीच्या आतच वितळते, टोकाला गोळी येते आणि गोळीच्या मागचा दोरा कच्चा पडतो, जिताडा मासा लागला की नेमका तिथेच तुटणार. आणि कात्रीत घातली तर दोन पात्यांच्या मधे आडवी झोपते.

त्या दिवशी आम्ही तुमच्याकडे यायच्या आधी तीन दुकानं फिरलो होतो. पहिल्याने मागच्या वेळी साडेसातशे रुपयांना 'खास ब्रेड कटर' दिला होता, दोन वेळा खाडीवर नेला तर बिजागरीला गंज धरून जाम. परत न्यायला गेलो तर म्हणे समुद्राचं पाणी लागलं ना, मग असंच होणार. अरे मग मासे पकडायचा कटर काय बाथरूममध्ये वापरायचा? दुसऱ्याने मोबाईलवरून मान वर केली नाही. तिसऱ्या दुकानात तर बाबा स्वतः काउंटरवर कात्री हातात घेऊन बघत होते, तेवढ्यात तो शेठ माझ्याकडे बघून म्हणाला, त्यांना कशाला त्रास देता, तुम्हीच कापून द्या, नाहीतर काकांना आता घरी बसवा आरामात. बाबांच्या देखत. बाबांनी कात्री खाली ठेवली आणि बाहेर आले, स्टेशनपर्यंत चालू म्हणाले. वाटेत मला झिप आठवली म्हणून तुमच्या दुकानाशी थांबलो, नाहीतर तुमची गाठ पडलीच नसती.

तुम्ही बाबांना स्टूल दिलंत ते ठीक आहे, ते चार लोक देतात. पण मी सहज विचारलं की काका बारीक चिवट दोरा कापेल अशी कात्री आहे का, तर तुम्ही विचारलंत, कोण कापणार? मी म्हटलं बाबा. त्यानंतर तुम्ही माझ्याशी बोललातच नाही. सगळं बाबांना. कुठे टाकता गळ, काय लागतं तिकडे, दोरी आहे का जवळ. बाबांनी खिशातून गुंडाळी काढली. तुम्ही मेरठची एक चांगली जाड कात्री दिलीत, बाबांनी डाव्या हाताने लावली, नाही कापली. पुन्हा लावली, नाही. त्यांचा चेहरा पडला, मी पुढे झालो कात्री घ्यायला, आणि तुम्ही मला हाताने थांबवलंत.

मग तीच कात्री तुम्ही स्वतःच्या डाव्या हातात घेतलीत आणि तीच दोरी कापायला गेलात. नाही कापली. चाळीस वर्षं कात्र्या विकणारा माणूस (हे आकडे तुम्हीच सांगितलेत) तीनदा करून बघतो आणि तीनही वेळा दोरी पात्यात झोपते. तेव्हा तुम्ही हसून बाबांना म्हणालात, "साहेब, हात तुमचा बरोबर आहे. कात्री उजव्या हाताची आहे."

काका, दीड वर्षात हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. मला तर माहीतच नव्हतं की कात्रीला डावं-उजवं असतं. उजव्या हाताने दाबली की आपसूक पाती एकमेकांवर घासतात, डाव्याने दाबली की तोच जोर उलटा पडून पात्यांत फट होते. कागद-बिगद कापला जातो तरी, ही असली बारीक गुळगुळीत दोरी कशाला कापली जाईल. आणि आम्ही घरात काय समजत होतो, तर बाबांना आता जमत नाही. बाबा पण तेच समजत होते, बोलले नाहीत कधी एवढंच.

पुढचं तुम्ही दहा मिनिटांत केलंत. टेलर लोक वापरतात तो स्प्रिंगचा धागा कटर काढलात, बोटं घालायची भानगड नाही, नुसतं चिमटीत दाबायचं, डावा हात असो की उजवा. नवीन पातं गुळगुळीत आहे, दोरा सरकेल म्हणून दगडावर चार-पाच वेळा तिरकं ओढलंत आणि म्हणालात याला चकाचक नाही करायचं, बारीक खरखर राहिली पाहिजे म्हणजे धागा पकडेल. मग स्वतःच्या पाण्याच्या ग्लासात दोरी बुडवलीत, कारण खाडीवर ती ओलीच असणार. वर बाबांना टीप, दोरी सैल ठेवून कापू नका, शिसं लटकू द्या, वजनाने आपोआप ताणली जाते, दुसऱ्या हाताची गरजच नाही. इतकं साधं होतं हो.

बाबांनी पहिला दाब दिला आणि टक्कन तुटली. टोक बघितलं, सरळ, एक धागा बाहेर नाही. मग काय, थांबेनातच, वीतभर दोरीचे तांदळाएवढे तुकडे करून टाकले काउंटरवर. शेवटी नुसताच कटर टकटक वाजवत, गल्लीत अडकलेल्या हातगाडीकडे बघून माझा बाप म्हणाला, "चला, पुढे सरका, पुढे सरका." ड्युटीवर तिकिटाचा पंच वाजवत म्हणायचे तसंच. तुम्ही हसलात, तुम्हाला वाटलं असेल काका मजेशीर आहेत. तो आवाज आम्ही झटक्यानंतर पहिल्यांदा ऐकला. म्हणून माझा घसा.

ऐंशी रुपये घेतलेत. धार लावल्याचे किती म्हटलं तर, ते साहेबांचं आहे, तुमचं नाही, असं म्हणालात. मी वैतागून खूपदा म्हणतो की या शहरात कोणाला वेळ नाही, पण वेळ तिसऱ्या दुकानातल्या शेठकडे पण होता, गिऱ्हाईक कोणी नव्हतंच तिथे. त्याने माझ्याकडे बघितलं, तुम्ही बाबांकडे, एवढाच काय तो फरक.

कटर छान चाललाय. खाडीवरून आले की चहाच्या आधी नळाच्या पाण्याने धुतात, पुसतात, तुम्ही सांगितलेलं शिलाई मशीनचं तेल एक थेंब स्प्रिंगला. आईला हात लावू देत नाहीत, तिने एकदा कोथिंबिरीच्या जुडीचा दोरा कापला तर केवढा आरडाओरडा.

येत्या उधाणाला काही लागलं तर बाबा म्हणतात तुम्हाला द्यायला यायचं. तुम्ही मासे खाता का हे पण विचारलं नाही आम्ही. खात असाल तर त्या मुलाला कळवायला सांगा, आणि दुकान कुठल्या वारी बंद असतं ते पण. शिंगाळा मासा आणणार नाही, घाबरू नका. आणि ती झिप, आठ इंची, काळी, बाजूला काढून ठेवा.