चि. केदारला, १०८ रुग्णवाहिकांचा इन्चार्ज झाल्यावर

चि. केदार,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तुझं ‘सगळं ठीक आहे, आई’ इतकं झटकन येतं, की पुढचं विचारायची सोयच राहत नाही. म्हणून हे पत्र.

तू १०८च्या गाडीवर डॉक्टर होतास तेव्हा मला तुझी एवढी काळजी नव्हती. तेव्हा नवले पुलावरचा अपघात उचलून आलास, की त्याच रात्री कुणाचं बाळंतपण गाडीतच व्हायचं आणि सकाळी चहा घेताना ‘मुलगी झाली’ असं सांगायचास. एकाने दुसरं पुसलं जायचं. आता टेबलावर काय येतं? उशिरा पोचलेली गाडी, नातेवाइकांनी पायलटला, म्हणजे तुमच्या ड्रायव्हरला, केलेली मारहाण, रजेचे अर्ज, मृत्यूची चौकशी. वाचलेला पेशंट इन्चार्जच्या टेबलापर्यंत येतच नाही. मी वॉर्डची इन्चार्ज सिस्टर होते तेव्हा डिस्चार्जचा पेढा ज्युनिअर सिस्टरच्या हातात पडायचा आणि तक्रारीचा कागद माझ्या. वर्षानुवर्षं फक्त बुडालेलंच ऐकलं की माणसाला आपलं सगळं कामच बुडीत वाटायला लागतं. मी शेवटी नियम केला: ड्युटी बदलताना प्रत्येकीने बरा झालेला एक पेशंट मला सांगायचा. आधी सगळ्यांनी नाकं मुरडली. तू पण कर. टीमसाठी म्हणून कर, फायदा तुला होईल.

मोठ्या अपघातानंतर सगळ्यांना एका खोलीत बसवून जे पाहिलं ते बोलायला लावायचं, असं तुझ्या मनात आहे ना? ही पद्धत १९८०च्या दशकात अमेरिकेत अग्निशमन आणि रुग्णवाहिकेच्या लोकांसाठीच निघाली. पण पुढे अभ्यासांचा आढावा घेतला तेव्हा दिसलं, की अशा एका बैठकीने आघाताचे नंतरचे त्रास टळत नाहीत. काहींना तर उलट जास्त होतात. माळीणच्या दरडीचं नाव निघालं की तुमचे जुने पायलट विषय बदलतात, हे तूच सांगितलंस. २०१४ला इतकी वर्षं झाली, तरी ते बदलतात. बदलू दे. सक्तीने खपली काढायची नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते ते साधं आहे: बघा, ऐका, मदतीशी जोडून द्या. पुढचा कॉल दुसऱ्या गाडीला द्यायचा, चहा पाजायचा, घरी फोन लावून द्यायचा आणि आठवड्याने पुन्हा विचारायचं. ज्याला बोलायचं असेल तो बोलतो.

आणि तुला कोण विचारतं? खालच्यांपुढे तू रडू शकत नाहीस, वरच्यांना फक्त आकडे हवेत. नेहाला सांगावं तर ती घाबरेल म्हणून तिलाही सांगत नसशील. शेजारच्या जिल्ह्यातला तुझ्याच पदावरचा एखादा गाठ. मला तशी सर्जिकल वॉर्डची इन्चार्ज होती. आम्ही कँटीनच्या मागे उभ्या राहून वरिष्ठांना मनसोक्त शिव्या द्यायचो. त्या शिव्यांनी मला बरीच वर्षं टिकवलं.

तेवढ्याने भागत नसेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ लाव. चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत. तुमच्या गाड्यांवर तो नंबर चिकटवायला सांगतोस आणि स्वतः लावत नाहीस, असं होऊ देऊ नकोस. आपल्या पुण्यात ‘येरवड्याला पाठवू का’ म्हणून दात काढणारे अजून आहेत. त्यांना दात काढू दे.

राहिला ड्युटीचा फोन. पालखी आणि विसर्जन सोडून दे, तेव्हा मी काही म्हणणार नाही. पण एरवी आठवड्यातली एक रात्र तो दुसऱ्या अधिकाऱ्याकडे दे, आणि तेही लेखी. तोंडी दिलास की उशाला घेऊन झोपशील, मला माहीत आहे.

ती रात्र शनिवार ठेव. रविवारी दोघं जेवायलाच या. कामाचं काही विचारायचं नाही अशी बाबांना ताकीद दिली आहे, पण ते विचारतीलच.

तुझी,
आई